लाल ठिपक्याचा कप

सकाळी घरातल्या सगळ्यांचा चहा एकाच पातेल्यात उकळायचा, पण कप एका रांगेत नसायचे. एक कप ओट्याच्या पार टोकाला, भांडी घासायच्या साबणाशेजारी पालथा घातलेला असे. त्याच्या कानाखाली लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. तसाच ठिपका एका ताटाच्या काठावर, एका पेल्यावर, एका चमच्याच्या दांडीवर आणि न्हाणीघरातल्या एका मगावर होता. नवख्या माणसाला वाटावं, घरातल्या एखाद्या लाडक्या लेकीनं हौसेनं आपली भांडी रंगवून ठेवली आहेत. ठिपके होते घरातल्या थोरल्या सुनेसाठी. तिला स्तनाचा कॅन्सर झाला होता. झाला होता, आता नव्हता. एक स्तन काढलेला, उपचार संपून वर्षं लोटलेली, आणि डॉक्टरीणबाईंनी "आता वर्षातून एकदा तोंड दाखवून जा म्हणजे झालं" असं हसत सांगितलेलं. तरी ठिपके काही कुणी पुसले नाहीत.

सासूबाईंचं म्हणणं ठरलेलं होतं. "लागण होत नाही म्हणे! डॉक्टरांचं काय जातंय बोलायला? माझ्या घरात नात आहे, तिची काळजी मीच करायची ना?" ह्यावर घरात कुणी तोंड उघडलं नव्हतं. थोरल्या मुलाचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं. लोकांना लांबचं आणि जवळचं दोन्ही नीट दिसावं, ह्यावर त्याचं पोट चालायचं. ओट्याच्या टोकाचा कप मात्र त्याला कधी दिसला नाही. धाकटा मुलगा त्याच दुकानात मागच्या बाजूला काचा घासायचा. थोरल्यानं मान हलवली की हाही हलवायचा, आणि त्यालाच तो बंधुप्रेम समजायचा.

थोरली तो कप रोज मुकाट्यानं उचलायची. चहा प्यायची, कप स्वतः विसळून जागेवर पालथा घालायची आणि घराबाहेर पडायची. बाहेर मात्र ती मुकी नव्हती. मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, बोळाच्या वळणावर, तिचं एक टेबल होतं. टेबलावर रबरी छातीचा नमुना, त्यात आत दडवलेल्या लहानमोठ्या गाठी. येणाऱ्याजाणाऱ्या बायकांची बोटं धरून ती त्यांना गाठ कशी चाचपायची ते शिकवायची. ज्यांचं ऑपरेशन ठरलं असेल त्यांच्यासाठी तिनं घरी शिवलेल्या कापडी पिशव्या असत. ऑपरेशननंतर काखेतून एक नळी बाहेर काढतात आणि नळीला बाटली जोडतात. ती बाटली हातात धरून फिरताना बाईला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ही पिशवी खांद्याला अडकवली की बाटली आत आणि हात मोकळे. तिनं ते स्वतः भोगलं होतं, म्हणून पट्टा कुठं टोचतो हे तिला ठाऊक होतं.

वर्गणी गोळा करण्यातही तिचा हात कुणी धरला नसता. सिमेंटच्या एका बड्या व्यापाऱ्यानं "पुढच्या आठवड्यात या" म्हणून तिला वाटेला लावलं, तर ही पुढच्या आठवड्यात जेवणाचा डबा घेऊन त्याच्या कचेरीत हजर. "तुम्ही निवांत विचार करा, मी आज इथंच जेवते." डबा उघडायच्या आत चेक निघाला होता. गावोगाव फिरणाऱ्या तपासणी गाडीसाठी रुग्णमित्र मंडळ पैसे जमवत होतं, आणि त्यातले बरेचसे ह्या एका बाईनं लोकांच्या खिशातून ओढून काढलेले होते. बायकांना ती एकच गोष्ट घोकून घोकून सांगायची. लपवू नका. लाज कसली धरताय? गाठ लागली की त्याच दिवशी या.

संध्याकाळी तो रबरी नमुना घरी आला की त्याला आत प्रवेश नसे. तो बाल्कनीत, चपलांच्या फळीखाली. "ते" असं त्याचं घरातलं नाव. "ते झाकून ठेव गं, कुणी आलं तर काय म्हणेल?" असं सासूबाई म्हणायच्या. स्तन हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. लेकरं त्यावरच मोठी झाली होती, पण शब्द काढायचा नाही.

एका दुपारी सासूबाई शेजारी गेलेल्या असताना थोरली बाल्कनीत बसून पिशव्यांचे पट्टे शिवत होती. धाकटी जाऊ वाळलेले कपडे काढायला आली. ती ह्या घरातली सगळ्यात चपळ बाई. तिच्या नखांवर कायम रंग, ओठांवर कायम गाणं. अलीकडे गाणं बंद झालं होतं, ते थोरलीच्या ध्यानात आलं नव्हतं.

"ताई, हे कसं बघतात?" कपड्यांचा ढीग कडेला ठेवून, फळीखालचा रबरी नमुना पुढे ओढत तिनं विचारलं.

"ये, बस. तीन बोटं अशी सपाट धर. गोल गोल फिरव."

धाकटीनं नमुन्यावर बोटं टेकली, आणि ती कुठंही न फिरता सरळ एका जागी जाऊन थांबली. काखेच्या जरा खाली. थोरलीनं आजवर कितीतरी बायकांची बोटं पाहिली होती. शिकणाऱ्या बाईची बोटं चाचपडतात. हिची बोटं चाचपडली नाहीत.

"अशीच लागते का हो? ह्याच्याहून थोडी घट्ट?" धाकटी म्हणाली.

थोरलीच्या हातातली सुई थांबली. "कधीपासून आहे?"

"काय कधीपासून?"

"मला बनवू नकोस. कधीपासून?"

धाकटीनं कपड्यांची घडी घालायला घेतली. "थंडीत लागली होती. तेव्हा छोटी होती."

बाहेर उन्हाळा रणरणत होता. थोरलीला एकदम राग आला, इतका की तिचा आवाज फुटला. "अगं, मी अख्ख्या गावाच्या पाया पडत फिरते, लपवू नका म्हणून! आणि माझ्या घरात, माझ्या शेजारच्या खोलीत तू... माझ्यावर एवढाही भरवसा नव्हता का तुझा?"

"भरवसा होता ताई. पण तुम्ही सांगता ते बाहेर. घरात मी रोज तुमचा कप बघते."

थोरलीनं सुई पट्ट्यात खोचून ठेवली.

"आणि तो ठिपका कुणी काढलाय, माहितीये ना?" धाकटीचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "आईंचा हात थरथरतो, म्हणून मला म्हणाल्या, तुझा हात स्थिर आहे, तू काढ. माझ्याच नेलपॉलिशनं, माझ्याच हातानं मी तुमचं ताट वेगळं केलं. तुम्ही तेव्हा आत उलट्या करत होतात. आता माझ्यासाठी कुणाला काढायला लावतील? माझी पोर रात्री माझ्या कुशीत झोपते. तिला उचलून आजीच्या खोलीत नेतील. मग जगून तरी काय करू?"

"उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल."

"नाही."

"अगं, मरशील!"

"तुमच्या भांड्यांवरचे ठिपके जातील त्या दिवशी येते. त्याच्या आधी ओढून नेलंत तरी येणार नाही. आणि घरात कुणाला सांगितलंत तर मी सरळ नाही म्हणेन."

ती कपडे घेऊन आत गेली. थोरलीनं रबरी नमुना पुन्हा फळीखाली ढकलला. घरात कटकट नको, बाहेरचं काम सुखानं करता यावं, म्हणून तिनं तो कप गिळला होता. तिला वाटत होतं, सोसतेय ती एकटी. पण त्या कपाकडे दुसरी बाई रोज बघत होती आणि त्यातून आपला धडा घेत होती.

त्याच संध्याकाळी तिनं नखांचा रंग काढायच्या औषधानं कप घासून स्वच्छ केला. सकाळी ठिपका पुन्हा जागेवर होता, ह्या वेळी वेडावाकडा, थरथरत्या हाताचा. मग ती दुकानात गेली. नवरा एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्म्याची चौकट बसवून बघत होता. गिऱ्हाईक गेल्यावर ती म्हणाली, "अहो, तुम्ही आईंशी बोला. ते ठिपके गेले पाहिजेत."

"आता कुठं काढलंस ते?" त्यानं काच फुंकून पुसली. "आईचं वय झालं. ठिपक्यानं तुझ्या अंगाला भोकं पडतात का?"

"माझ्या नाही पडत."

"मग झालं तर. आणि हे बघ, रविवारी कार्यक्रम आहे. आत्ता घरात भांडण नको. मी नवा कोट शिवायला टाकलाय."

रविवारचा कार्यक्रम म्हणजे तपासणी गाडीसाठीचा देणगी मेळावा. मंडळाच्या अध्यक्षाबाईंना सुखी जोडपी फार आवडत. देणगीदारांचे हात सैल होतात, असा त्यांचा अनुभव. म्हणून ह्या वर्षीपासून त्यांनी 'आदर्श जोडीदार' असा सन्मान काढला होता, आणि पहिला मान चष्मेवाल्यांचा होता. सन्मानचिन्ह पत्नीच्या हातून द्यायचं, पत्नीनं चार शब्द बोलायचे, मग देणग्यांची घोषणा, असा सगळा बेत पक्का होता. ज्या माणसानं बायकोचं अंथरूण आजारपणात अडगळीच्या खोलीत टाकलं आणि नंतर तिथून हलवायचं विसरून गेला, त्याला आदर्श म्हणताना अध्यक्षाबाईंनी घरी एक चक्कर टाकायची तसदी घेतली नव्हती. सभागृहातल्या फुलांवर मात्र त्यांनी जातीनं लक्ष ठेवलं.

रविवारी दुपारी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत नवा कोट, त्याच्या शेजारी सासूबाई, पलीकडे धाकटा, आणि रांगेच्या शेवटी पोरीला मांडीवर घेतलेली धाकटी. अध्यक्षाबाईंनी खांद्याला खांदा, सुखदुःखाचा सोबती वगैरे वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. नवरा कोटाची बटणं लावत वर आला. थोरलीच्या हातात पितळी सन्मानचिन्ह दिलं गेलं. तिनं ते टेबलावर ठेवलं, आपल्या पिशवीतून एक कप काढला आणि त्याच्या शेजारी मांडला.

"हे सन्मानचिन्ह मी माझ्या हातानं देणार नाही," ती ध्वनिक्षेपकात म्हणाली.

कुणीतरी हसलं. त्यांना वाटलं, थट्टा आहे.

"ह्यांनी मला दवाखान्यात नेलं, औषधं आणली. ते मी नाकारत नाही. पण घरी मी ह्या कपातून चहा पिते. ह्याच्यावर हा लाल ठिपका आहे, म्हणजे चुकून दुसऱ्या कुणाचं तोंड लागायला नको. माझं ताट वेगळं, पेला वेगळा, अंघोळीचा मग वेगळा. आजार गेला, पण मी अजून बाटलेलीच आहे."

"अगं, काय चालवलंयस?" नवरा दातओठ खात पुटपुटला.

"मी आजवर बायकांनाच ओरडत आले. का लपवता, का उशिरा येता, म्हणून. आज त्यांची माफी मागते. गाठ लागल्यावर बाईला आधी मरण आठवत नाही. आधी तिला घर आठवतं."

अध्यक्षाबाई तिच्या कानाशी आल्या. "अहो, समोर देणगीदार बसलेत! गाडीचं काय होईल?"

"गाडी घ्याच," थोरली ध्वनिक्षेपकातच म्हणाली. "पैसे द्या, भरपूर द्या. पण गाडी दारात येऊन उभी राहिली तरी बाई घरातून उतरणार कशी, ते पण सांगा."

टाळी वाजली नाही. मंचावरच्या प्रमुख पाहुण्यांनी हळूच हात पुढे करून आपला पाण्याचा पेला त्या कपापासून दूर ओढून घेतला. ते शहरातले मोठे शिकलेले गृहस्थ होते, आणि थोड्याच वेळापूर्वी त्यांनी गैरसमजांच्या विरोधात जोरदार भाषण केलं होतं. थोरलीनं ते पाहिलं, कप पिशवीत घातला आणि खाली उतरली. अध्यक्षाबाईंनी लगेच गाणं सुरू करायला सांगितलं. जाताजाता तिला हेही सांगितलं, की पुढे मंचावर यायची गरज नाही, थोडी विश्रांती घ्या.

घरी दार लागताच स्फोट झाला.

"चारचौघांत माझं नाक कापलंस तू!"

"नाक गेलं तर चष्मा कुठं टेकायचा, ही तुमची काळजी बरोबर आहे," थोरली म्हणाली. इतक्या वर्षांत घरात ती नवऱ्याला पहिल्यांदाच उलटून बोलली होती, आणि धाकट्याला नको त्या वेळी हसू फुटलं.

सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. "ज्या घरानं तुझं औषधपाणी केलं, त्या घराचे वाभाडे काढलेस. तुला काय कमी केलं? उपाशी ठेवलं? मारलं? एक ठिपका काढला, तर तुला फाशी दिल्यासारखं झालं! आणि तो कप आता टाकून दे. सगळ्या गावाचे हात लागलेत त्याला. उद्या नवा आण, त्याच्यावर काढू."

थोरली धाकटीकडे वळली. "तुझी ती लाल बाटली आण."

धाकटी बाटली घेऊन आली. थोरलीनं फडताळ उघडलं आणि सगळी भांडी ओट्यावर काढली. कप, ताटं, पेले, चमचे, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या नक्षीच्या बशासुद्धा. मग तिनं पहिला कप घेतला, नवऱ्याचा, आणि त्याच्या कानाखाली ठिपका काढला.

"वेड लागलंय हिला!" नवरा ओरडला.

दुसरा कप. तिसरा. ऑपरेशननंतर तिचा त्या बाजूचा हात सुजायचा, लवकर दमायचा. कुंचला डगमगू लागला, ठिपके फाकू लागले. तेवढ्यात धाकटी पुढे आली आणि तिनं बाटली आपल्याकडे घेतली.

"द्या ताई. माझा हात स्थिर आहे."

ती खाली मान घालून एकेका भांड्यावर ठिपका काढत गेली. सगळ्यात शेवटी तिनं सासूबाईंचा जड पेला घेतला, ज्याला घरात कुणी हात लावत नसे. त्यावर तिनं नीट, गोल ठिपका काढला, फुंकर घातली आणि मान वर न करता म्हणाली, "आई, मला पण गाठ आहे. थंडीपासून."

धाकट्यानं सवयीनं भावाकडे पाहिलं. भावाची मान हलली नाही, ना होकाराची ना नकाराची. मग आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःचं स्वतः काहीतरी बोलावं लागलं. "मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, आणि तिच्याशेजारी खाली बसला.

सकाळी चहा झाला. सगळे कप एका रांगेत होते, कारण आता वेगळा काढायला कुठला उरला नव्हता. सासूबाईंनी आपल्या कपाला हात लावला नाही. चहावर साय धरली. दुपारपर्यंत त्यांनी पाणीही घेतलं नाही, आणि मग कुणी बघत नाही असं वाटल्यावर न्हाणीघरात जाऊन नळाखाली ओंजळ धरून प्यायल्या. स्वतःच्याच नातीच्या पेल्याची त्यांना भीती वाटत होती. ह्या म्हातारीची दया यावी, असं वाचणाऱ्याला वाटेल. मला आली नाही. तिची तहान दुपारपर्यंतची होती.

त्या वेळी दोन्ही जावा दवाखान्यात होत्या. गाठ कॅन्सरची निघाली आणि काखेतही पसरलेली निघाली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्या फक्त म्हणाल्या, "थंडीत आली असतीस तर मी तुला जास्त खात्रीनं सांगू शकले असते." ऑपरेशन झालं. नळीच्या बाटलीसाठी थोरलीनं पिशवी शिवली, धाकटीच्या आवडत्या पिवळ्या झग्याच्या कापडाची. घरी आल्यावर पोर पहिल्याच रात्री आईच्या दुसऱ्या कुशीला जाऊन झोपली आणि तिला तिथून उचलायला कुणी आलं नाही. उपचार अजून चालू आहेत. धाकटी वाचेल की नाही, हे आज कुणीच सांगू शकत नाही. थंडी ते उन्हाळा हा काळ तिच्या आयुष्यातून ज्यांनी काढून घेतला, ते रोज वेळेवर दुकान उघडतात.

थोरली मंचावर जात नाही. बोळाच्या वळणावरचं टेबल मात्र तिचंच आहे, कारण तिथं फुलं लागत नाहीत. आता रबरी नमुन्याशेजारी तो पहिला कप ठेवलेला असतो. बाईबरोबर नवरा, सासू, भाऊ कुणीही आलं की ती आधी त्यांना बसवते, त्या कपात चहा ओतते आणि पुढे सरकवते. आधी तुम्ही प्या, म्हणते, गाठीचं मग बघू. काही पितात. काही उठून जातात, आणि ती त्यांच्या मागे जिन्यापर्यंत जाते.

ही रविवारची पुरवणी वाचताना तुमच्याही हातात चहा असेल. तुमच्या घरी एखादा कप, एखादी उशी, एखादं अंथरूण वेगळं ठेवलेलं असेल, तर ते कुठं आहे हे तुम्हाला आठवावं लागणार नाही. आणि त्याच्याकडे रोज कोण बघतंय, हे तुम्हाला माहीत नाही. कागद खाली ठेवा. उठा. आपला चहा त्या कपात ओता आणि सगळ्यांसमोर प्या.